गॅलरीच्या प्रकरणातली दोन पानं

बाबा, आपली गॅलरी उतरवायचं ठरलं आहे. सोमवारी माणसं येतील, आधी कठडा कापतील, मग टोकाकडून थोडंथोडं फोडत भिंतीपर्यंत येतील. खाली चार लोखंडी टेकू लावलेत आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी बोललोच नाही असं नाही. रोज देवापुढे दिवा लावताना तुमच्या फोटोकडे बघून दोन शब्द होतातच. पण ते म्हणजे आई बरी आहे, पोरीची परीक्षा झाली, सगळं ठीक आहे, एवढंच. ठीक नसलेलं तसं उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आज शाळेतून आणलेले कोरे कागद घेऊन बसलो आहे.

सुरुवात पुस्तकांपासून झाली. गच्चीच्या अर्ध्या भागात एक खोली वाढवावी असं माझ्या मनात दोन वर्षं घोळत होतं. पोरीला अभ्यासाला जागा नाही. रीतसर परवानगी घेऊन, जाणकार माणसाला विचारूनच करायचं होतं, पण निदान आपल्याला काय हवं ते आपल्याला कागदावर काढता यावं, एवढी हौस. तुम्ही पुस्तक वाचून अख्खं घर उभं केलंत, मग मला एक खोली का जमू नये. मी बोरिवलीच्या शाळेत लेखनिक आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, तिथल्या ग्रंथालयातून दोन आणि रद्दीवाल्याकडून तीन अशी पाच पुस्तकं जमवली. एक गुळगुळीत कागदाचं, नुसत्या फोटोंचं. त्यातल्या एकेका घराची बाग आपल्या गल्लीएवढी, त्याचा उपयोग जेवताना चाळण्यापुरता. एक दिशांचं, कुठे पाणी आणि कुठे अग्नी सांगणारं. ते मी श्रद्धेने उघडलं, पण आपल्या बारा हातांच्या घरात सगळ्याच दिशा एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे देव जिथे आहेत तिथेच राहू देत म्हणून मिटलं. एक चिऱ्याच्या आणि चुन्याच्या बांधकामावर होतं, वारा कुठून घ्यायचा, ऊन कुठे अडवायचं यावर. ते वाचताना गावचं घर आठवत राहिलं आणि वाटलं, हे तुमच्या हातात पडायला हवं होतं. चौथं सगळं कोष्टकांचं. आणि पाचवं, फाटक्या पुठ्ठ्याचं, इंग्रजी, पण चित्रं इतकी साधी की भाषेची गरजच नाही. त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा काढलेली होती: एकदा बरोबर, एकदा चूक. घर बांधणाऱ्याला सगळ्यात उपयोगाचं पुस्तक असंच असावं असं मला अजूनही वाटतं. काय करावं हे सगळेच सांगतात. काय मोडतं हे सांगणारा क्वचित भेटतो.

मार्चमधल्या एका रविवारी त्या पुस्तकात मी गॅलरीचं चित्र बघितलं. भिंतीतून बाहेर आलेली गॅलरी, तिच्या पोटात सळ्या. पहिल्या चित्रात सळ्या वरच्या अंगाला, खाली बरोबरची खूण. दुसऱ्यात सळ्या खालच्या अंगाला, आणि गॅलरी भिंतीपाशी वरून चिरून पापडासारखी खाली लटकलेली. खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडून आधार असतो, तो मध्ये खाली वाकू बघतो, म्हणून त्याच्या सळ्या खाली लागतात. गॅलरी एकाच बाजूने धरलेली, ती टोकाला वाकते, ताण वर येतो, म्हणून तिच्या सळ्या वर. एवढी साधी गोष्ट. मी ते चित्र बघत राहिलो. कारण आपल्या गॅलरीच्या सळ्या बांधायला घेतल्या तेव्हा मी तिथे सिमेंटच्या गोणीवर बसलो होतो. त्या खाली होत्या. फळ्यांपासून बोटभर वर. मला अगदी स्वच्छ दिसत होत्या.

त्या मे महिन्यात मी बारा वर्षांचा होतो. सातवीत जाणार होतो, थोरल्या काकांकडे राहून गावच्या शाळेत. चारकोपला सोडतीत प्लॉट लागल्याचं तुम्ही पत्राने कळवलं होतं आणि सुट्टी लागल्यावर मला बोलावून घेतलं होतं. तुम्ही मरोळच्या कारखान्यात फिटर. लोखंड तुमच्या हातातलं, पण वाळू-सिमेंट नाही. अंधेरी स्टेशनबाहेरच्या पुस्तकवाल्याकडून तुम्ही ते निळ्या कापडी पाठीचं मराठी पुस्तक आणलं होतं, कुणा निवृत्त ओव्हरसियरने लिहिलेलं, पायापासून गिलाव्यापर्यंत. तुम्हाला वाचता येत होतं, पण सावकाश, आणि हात कामात असायचे. म्हणून वाचायचं मी. तुमची पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी कामावरून आलात की हातपाय धुऊन त्या अर्धवट खोलीत उदबत्ती लावायची, पाटावर पुस्तक ठेवायचं, त्याला नमस्कार करायचा, आणि दुसऱ्या दिवशी जे काम करायचं त्याचं प्रकरण मी मोठ्याने वाचायचं. शेजारचे प्लॉटवाले हसायचे. समोरचे अण्णा म्हणायचे, फिटर, सत्यनारायण घालताय की भिंत? तुम्ही म्हणायचात, ज्याने लिहिलंय त्याने आयुष्य घालवलंय, आपण नमस्कार तरी करावा.

मला पोथी वाचायची सवय गावाकडची. श्रावणात थोरल्या काकांच्या ओटीवर रोज अध्याय व्हायचा आणि माझा आवाज खणखणीत म्हणून वाचायला मला बसवायचे. पाटापुढे म्हातारी माणसं, अर्धी ऐकणारी, अर्धी डुलक्या घेणारी. वाचून झाल्याशिवाय प्रसाद नाही आणि खेळायला जाणंही नाही. तेव्हा आम्ही वाचणाऱ्या पोरांनी एक युक्ती काढली होती. पान उलटताना दोन पानं एकदम उलटायची. आवाजाची चाल तीच ठेवायची, मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. कुणाला कळायचं नाही. कळलं तरी कोण म्हणणार, ज्याला त्याला घरी जायचंच असे. त्यात पाप आहे असं मला वाटायचं, पण प्रसादाचा शिरा गरम असायचा.

गॅलरीच्या सळ्या बांधायच्या त्या मे महिन्यातल्या रविवारी दुपार कलत आली होती. गल्लीच्या टोकाला पोरांनी दगड रचून क्रिकेट मांडलं होतं आणि दोनदा मला हाक मारून झाली होती. तुम्ही फळ्यांवर उकिडवे बसून सळ्या बांधायची बायंडिंगची तार तोडत होतात. गॅलरीचं प्रकरण लांब होतं. पहिलं पान मी वाचलं, गॅलरी किती बाहेर काढावी, कठडा किती उंच. मग मी दोन पानं एकदम उलटली आणि पाणी मारायच्या मजकुरावर आलो. तुम्ही मान वर केलीत.

"एवढंच?"

"हो. एवढंच."

"सळ्यांचं काय लिहिलंय?"

"काही नाही."

तुम्ही तारेचा आणखी एक तुकडा तोडलात. मग म्हणालात, "मग स्लॅबसारखंच धरायचं." आणि सळ्या खाली बांधायला घेतल्यात. मी पुस्तक पाटावर ठेवून पळालो. स्लॅब ओतून झाला त्या दिवशी आईने सगळ्यांना कांदेपोहे केले आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून अण्णांना सांगितलंत, पोरानं वाचलं, मी बांधलं. पुढे वर्षानुवर्षं कुणी घराचं कौतुक केलं की तुम्ही हेच वाक्य बोलायचात. मला ते आवडायचं. मार्चपर्यंत आवडायचं.

मार्चनंतर मी काही केलं नाही, हेही लिहायला हवं. महिनाभर रोज गॅलरीखालून जाताना वर बघायचो. भिंतीच्या कडेला वरून एक केसाएवढी भेग होती, ती पूर्वीही होती असं मी स्वतःला समजावायचो. छत्तीस वर्षं उभी आहे, मोडायची असती तर मोडली असती. जप करताना माळ हातात आणि डोळ्यांपुढे ती भेग. आई तिथेच बसते हे तुम्हाला माहीत आहे. सकाळचा चहा, तुळशीला पाणी, दुपारी निवडणं-टिपणं, सगळं गॅलरीत. एक दिवस मी भेगेत पोस्टकार्डाची कड घालून बघितली. ती आत गेली. तेव्हा शाळेतल्या एका शिक्षकाच्या ओळखीने घाटकोपरहून एका इंजिनिअर मुलीला बोलावलं.

ती शनिवारी आली. मी तिला नाक्यावरून घेऊन येत होतो. गल्लीत शिरलो आणि वर बघितलं तर आई गॅलरीच्या अगदी टोकाला, कठड्यावर पोट टेकवून उभी होती. कुरडयांचा कपडा वाऱ्याने उडाला होता आणि ती त्याचं टोक धरायला बाहेर वाकली होती. शेजारी पाण्याने भरलेला पिंप, मागे तुळस. ती मुलगी चालता चालता थांबली. खालून तिला काय दिसलं कोण जाणे, पण हळू आवाजात म्हणाली, "काका, त्यांना आत घ्या. ओरडू नका. पळू नका." मी जिना चढलो. चौदा पायऱ्या आहेत, तुम्हीच काढलेल्या, आणि त्या दिवशी त्या संपेनात. दारात उभा राहिलो. पाय बाहेर टाकायची हिंमत होईना, माझं वजन आणखी पडायला नको. म्हटलं, आई, पाहुणी आलीय, चहा टाकतेस का. ती म्हणाली, दिसत नाही का कुरडया वाळतायत, टाक की तूच. मी म्हटलं, साखर कुठे आहे सापडत नाही. तिने वळून माझ्याकडे असं बघितलं की एवढा मोठा झालास आणि साखर सापडत नाही; मग कपडा सोडला, तुळशीची दोन पिकली पानं खुडली, एक कुरडई उचलून मोडून बघितली, आणि आत आली. मी तिचा दंड धरला तो सोडेना. ती म्हणाली, "काय रे, हात का एवढा गार?"

इंजिनिअर मुलीने सळी जवळ असली की वाजणारं एक यंत्र गॅलरीच्या खालून आणि मग दारात बसून वरून फिरवलं. वरून यंत्र गप्प. खालून सळीसळीला वाजत गेलं. तिने विचारलं, हे कुणी बांधलं. आईने अभिमानाने सांगितलं, ह्याच्या बाबांनी, पुस्तक वाचून. मग त्या मुलीने गॅलरीखालची दोन लोखंडी अँगलची ब्रॅकेट दाखवली, भिंतीत बोल्टने बसवलेली, आता गंजून पापुद्रे सुटलेली, आणि विचारलं ही कशाला. आई म्हणाली, दिवाळीचा कंदील टांगायला, त्यांनीच कारखान्यातून आणून लावली. मुलगी म्हणाली, "आजी, इतकी वर्षं ही गॅलरी ह्या दोन ब्रॅकेटवर उभी आहे." त्याच दिवशी तिने माणसं बोलावून टेकू लावायला सांगितलं आणि गॅलरीच्या दाराला मी कुलूप घातलं. आई माझ्याशी बोलेना. तिची गॅलरी तिला माहीत आहे, कालची पोर यंत्र वाजवून काय सांगणार.

मला त्या वेळी ब्रॅकेटचा विचार करायलाच फुरसत नव्हती. कारण आपल्या गॅलरीमागोमाग, पुढच्याच वर्षी, तुम्ही समोरची गॅलरी बांधली होती, अण्णांची. त्याच पुस्तकावरून, तुमच्याच हातांनी. अण्णा आता नाहीत. त्यांचा मुलगा माझ्या वयाचा आहे, त्याच्या मुलीचं लग्न, आणि पुढच्याच शुक्रवारी हळद होती. गल्लीत बँजो वाजणार म्हणजे गॅलरीत पंधरावीस बायका-पोरं उभी राहणारच. सांगायला हवं होतं. आणि सांगायचं तर कसं, हे मी रविवारभर ठरवत होतो. संध्याकाळी गेलो. तो मांडववाल्याशी बोलत होता. मला बसवलं, चहा दिला, मी सांगितलं ते ऐकलं, आणि म्हणाला, "परत बोल."

मी परत सांगितलं.

"शुक्रवारी हळद आहे यार. आणि तू आज येऊन सांगतोस गॅलरी पडेल?"

"पडेल असं नाही. बघून घेऊ. तोवर कुणाला उभं करू नको."

"पण चुकलं काय? तुझ्या बाबांनी बांधलीय. आमचे अण्णा शेवटपर्यंत सांगायचे, फिटरच्या हातची आहे, हत्ती उभा करा."

त्या जागी मला खरं सांगता आलं असतं. चहाचा कप हातात होता, त्याच्यावर साय आली होती, मी तिच्याकडे बघत म्हटलं, "बाबांचीच चूक झाली. त्यांना ते माहीत नव्हतं." त्याने मांडववाल्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "वाट लावलीत तुम्ही बापलेकांनी माझी," आणि उठून गेला. सोमवारी दूध आणायला गेलो तर दूधवाल्याने विचारलं, तुमच्या वडिलांनी बांधलेल्या सगळ्याच गॅलऱ्या तपासणार का. मंगळवारी आईच्या कानावर गेलं. ती मला म्हणाली, कोण म्हणतं त्यांची चूक, नाव सांग मला, मी जाऊन विचारते. मी पूजेला बसतोय म्हणून विषय टाळला. बाबा, त्या तीन दिवसांत समोर मांडव उभा राहत होता, तोरणं लागत होती, आणि पाहुण्यांची लहान पोरं त्या गॅलरीत धावत येऊन खाली डोकावत होती. दर वेळी कुणीतरी मोठं माणूस त्यांना आत ओढायचं आणि माझ्या दाराकडे बघायचं.

बुधवारी ती मुलगी समोरच्या घरी आली. मी दारात उभा होतो, अण्णांचा मुलगा कमरेवर हात ठेवून तिच्या मागे. तिने खालून यंत्र फिरवलं. यंत्र जवळजवळ गप्प. वरून फिरवलं आणि ते वाजू लागलं, एका सरळ रेषेत, ओळीने. तिने दोनदा केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, यांच्या सळ्या वर आहेत. अगदी हव्या तिथे. दोन्ही एकाच माणसाने बांधल्यात ना?" तो आधी खाली बसला. मग हसायला लागला, इतका की त्याची बायको आतून बघायला आली. "झकास," तो म्हणाला, "म्हणजे लोकांच्या घरी बरोबर आणि स्वतःच्या घरी चुकीचं. तुझा बाप पण ना." मी घरी आलो.

ते निळं पुस्तक आपल्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. दसऱ्याला तुमचा टेप, ओळंबा आणि ते, तिघांना आई झेंडूचं फूल वाहते. पण त्या मे महिन्यानंतर मी ते उघडलं नव्हतं, मार्चपासून तर त्या खणाला हात लावणंही टाळत होतो. बुधवारी उघडलं. गॅलरीचं प्रकरण काढलं आणि त्या दिवशी एकदम उलटलेली दोन पानं वेगळी केली. सळ्या वरच्या अंगाला घ्याव्यात हे वाक्य तिथे होतं, चांगल्या मोठ्या अक्षरात, चष्मा विसरलेला माणूसही चुकू नये असं. त्याच्याखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ होती. आणि समासात, तुमच्या त्या कारखान्यातल्या पद्धतीने काढलेलं चित्र: अँगलचं ब्रॅकेट, मापं, भोकं किती, बोल्ट किती जाड. बाजूला कंदील नव्हता. कंदिलाचं नावही नव्हतं.

मग एकेक गोष्ट आपोआप समोर येत गेली. मी जूनमध्ये गावी परतलो तेव्हा घराखालचे बाकीचे टेकू निघाले होते आणि गॅलरीचे तसेच होते. दिवाळीत आलो तेव्हा ब्रॅकेट लागली होती आणि टेकू गेले होते. तुम्हाला मधल्या पावसात कधीतरी कळलं असणार. वरून भेग दिसली असेल, तुम्ही पुस्तक घेऊन बसला असाल, सावकाश, बोट ठेवून, एकही ओळ न सोडता. आणि त्याच वर्षी तुम्ही गावी गणपतीच्या आठ दिवस आधीच आला होतात. श्रावणाचे शेवटचे दिवस. मी ओटीवर पोथी वाचायला बसलो तर तुम्ही, जे कधी बसायचे नाहीत ते, येऊन माझ्या शेजारी मांडी घालून बसलात. प्रत्येक ओवीखाली तुमचं बोट. सळ्या वाकवून कडक झालेलं, नखात काळं गेलेलं बोट. मी सवयीने पान उलटायला गेलो आणि दोन पानं एकदम हातात आली. तुमचं बोट हललं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, काही बोलला नाहीत. बोट पानावर तसंच राहिलं, मी पान परत खाली टाकेपर्यंत. मला वाटलं होतं, मुंबईत राहून बाबा देवाला लागले. त्यानंतर मी आजतागायत पोथीतली एक ओवी सोडलेली नाही. घरातले म्हणतात याची भक्ती मोठी. भक्ती आहे, नाही असं नाही. पण तिच्याखाली तुमचं बोट आहे, हे मला बुधवारी कळलं.

शुक्रवारी हळदीच्या गर्दीत मी अण्णांच्या मुलाला बाजूला घेतलं. त्याच्या गालांना, कानांना हळद होती, बँजो कानठळ्या बसवत होता, वर त्याच्या गॅलरीत बायका टाळ्या वाजवत होत्या. मी सांगितलं की ती पानं मी गाळली होती, बाबांनी नाही, आणि त्यांना कळल्यावर त्यांनी तुझ्या घरी बरोबर केलं. त्याने दोनदा विचारून घेतलं, आवाजामुळे. मग म्हणाला, "बारा वर्षांचा होतास रे. बारा वर्षांच्या पोराला कोण काय म्हणणार." आणि जाता जाता वळून, "पण परवा बापाचं नाव घेतलंस तेव्हा किती वर्षांचा होतास?" पुढे त्याने ते गल्लीत सांगितलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दूधवाला आता काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आईला सांगितलं. गॅलरी तोडायची तर तिला काहीतरी सांगायलाच हवं होतं, आणि चूक तुमची हे कारण ती मानेना. ती खालच्या खोलीत तांदूळ निवडत होती. मी पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं, समासातलं चित्र दाखवलं, सगळं सांगितलं, पोथीपासून. मला वाटत होतं ती मला काहीतरी बोलेल. मी त्याची तयारी करून बसलो होतो. तिने चित्रावरून हात फिरवला. तिला वाचता येत नाही, पण ब्रॅकेट ओळखता येतं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला म्हणाले, कंदिलाला."

मी पुस्तक मिटलं.

"तुझ्या पोरीचा पाळणा मी तिथे बांधत होते. ते बघत होते समोर बसून. एक शब्द नाही बोलले रे मला. इतका संसार केला, एक शब्द नाही."

तिने सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. संध्याकाळी दिवा लावताना ती रोज तुमच्या फोटोला हात लावून कपाळाला लावते, ते तिने केलं नाही. आजही केलेलं नाही. मला माहीत आहे तुम्ही का बोलला नाहीत. बोलला असतात तर वाचणारा कोण होता हेही सांगावं लागलं असतं, तिला आणि मग गल्लीला, आणि तुम्हाला पोरानं वाचलं म्हणायची सोय राहिली नसती. तुम्ही ब्रॅकेट लावून माझी चूक झाकलीत आणि ती मजबूत आहेत ही खात्री करूनच तिला तिथे बसू दिलंत. एवढं मी तिला दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. शब्द तयार होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्या फोटोकडे बघत होती, आणि चिडली होती ती तुमच्यावर. माझ्यावर नाही.

हे कागद टपालात पडायचे नाहीत, कुणी उघडणारही नाही, म्हणून लिहून टाकतो. आज सकाळी तिने मला नेहमीसारखा चहा दिला, वर आलं जास्त टाकलं आहे म्हणाली, घसा बरा नाही ना तुझा. मी तो प्यायलो, बाबा, आणि मला बरं वाटलं.